काडेपेटीतली मोहरी

गेंदालालनं काडेपेटी टेबलावर ठेवली
त्याआधी दार लोटून घेतलं.
"मॅडम, या राई हे."
मिरचीच्या बुडाशी सापडलेली.
कोणी टाकली तेही त्याला ठाऊक होतं:
बांधापलीकडची भावजय, सौरमबाई.
नागपंचमीपासून तिच्या घरचं पाणीसुद्धा बंद.

कंपेलहून दोन बस बदलून इंदूरला
करणीचा उतारा घेऊन
प्रयोगशाळेत कोणी आलं नव्हतं
माझ्या एकवीस वर्षांत.

दाणे तांबूस, गोल, एकसारखे.
फोडणीत पडले असते तर
मलाही कळलं नसतं, तडतडायची वाट बघेपर्यंत.
ओल्या टिपकागदावर सात मांडले,
शेजारी डब्यातली खरी मोहरी, सात.
म्हटलं, चौथ्या दिवशी या.

आला. काचेच्या झाकणाखाली
अर्ध्यात हिरवी, दोन-दोन पानांची मोहरी,
अर्ध्यात कापूस:
पांढरा, पंख्यासारखा,
दाण्यादाण्यातून सरकत निघालेला.
गेंदालाल वाकला. श्वासानं काच धुरकटली,
बाहीनं पुसली, पुन्हा वाकला.

"बुरशी आहे. ही तिची गाठोडी.
वर्षानुवर्षं मातीत पडून राहते,
ऊब-ओल मिळाली की बुंधा धरते."
मग सांगायचं ते सांगितलं.
मेलेली झाडं बुडच्या मातीसकट उचला, जाळा.
खोल नांगरा. दोन वर्षं मिरची नको, मका घ्या.
शेणखतात ती हिरवी बुरशी मुरवा,
बुरशीला बुरशीच खाते.
आणि वैशाखात जमीन भिजवून
वर पारदर्शक प्लॅस्टिक, दीड महिना.
ऐकत होता की नाही, कोण जाणे.
"म्हणजे ती नाही," एवढंच म्हणाला,
आणि काडेपेटी विसरून गेला.

वैशाखात मी मुद्दाम गेले.
प्लॅस्टिकला कोपरे चार,
घरची माणसं तीन.
चौथ्या कोपऱ्यावर सौरमबाई,
पदर खोचलेला, पायानं कडेवर माती लोटत,
त्याच्याकडे पाठ.
कोणी बोलावलं, मी विचारलं नाही.
ताण सैल पडला की ती नुसतं "हूं" म्हणे
आणि तो ओढी.

ऊन चढलं तशी आतून वाफ धरली,
काळी माती दिसेनाशी झाली.

निघताना बांधावर मी चपला धुतल्या,
इथली माती दुसरीकडे जायला नको.
माझ्यामागून तिनंही पाय धुतले,
त्याच्याच बादलीतल्या पाण्यानं,
आणि बादली पालथी घातली.