दोन बोटं माया

सप्टेंबर लागला की आमच्या दुकानात एकच रंग खपतो.
काळा म्हणावा तर काळा नव्हे,
निळा आहे हे कळायला कापड खिडकीशी न्यावं लागतं.
जियुगाओकातल्या या गल्लीत चौतीस वर्षं
मी आयांना या रंगात बसवत आलेय.
मला नाक मुरडायचा हक्क नाही,
दुकानाचं भाडं यातूनच निघतं.

कावाशिमाबाईंचं माप जूनमध्ये घेतलं: कंबर अडुसष्ट.
काल कच्ची शिलाई अंगावर चढवली
तर पाच सेंटिमीटर ढगळ.
"जेवण राहून जातं," त्या म्हणाल्या,
छत्री राहून जावी तसं.

मुलगी चिहारु. पाच वर्षं, सहा महिने.
इथे महिनेही मोजतात, कारण मार्चातल्या पोरांना
आदल्या एप्रिलातल्यांच्या रांगेत उभं राहायचं असतं,
अकरा महिने थोराड गुडघ्यांशेजारी.
परीक्षा एक नोव्हेंबरला.
चॉपस्टिक्सनी काळे दाणे
या वाटीतून त्या वाटीत न्यायचे.
हात पाठीमागे नेऊन एप्रनची गाठ मारायची, न बघता.
हरलं तरी रडायचं नाही,
आणि जिंकलं तर आजूबाजूला बघून मगच हसायचं.

दाणे नव्हते, म्हणून ती माझी बटणं उचलत होती.
शर्टाची, चार भोकांची, निसटणारी.
आई अंगभर टाचण्या लावून उभी. वळता येईना,
म्हणून आरशातून मोजत होती, ओठ न हलवता.
एकोणीस. वीस.
एक घरंगळलं, यंत्राखाली गेलं.
"जाऊ दे गं," मी म्हटलं.
दोघींनी माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं
की मी चष्मा पुसत बसले.

मग तोंडी. बाईंनीच विचारलं, आवाज परका करून:
"उन्हाळ्याच्या सुट्टीत काय केलंस?"
चिहारु उठली. खुर्ची आत सारली.
"आम्ही शिंगवाला भुंगा पाळला.
मी त्याला रोज जेली भरवली.
जीव लावला की जबाबदारी येते, हे मी शिकले."
एका दमात, एकही टाका न सुटता.

"आता कसा आहे तो?" माझ्या तोंडून गेलं.

तिनं आधी आरशात पाहिलं.
"मेला. पण ते वाक्य उत्तरात नाही."

बाई हसल्या असाव्यात, किंवा नुसत्या हलल्या.
कुठेतरी टाचणी रुतली.
"थांबा," मी म्हटलं.
त्या थांबलेल्याच होत्या.

मुलीच्या फ्रॉकला माया ठेवू नका, म्हणाल्या,
एका दिवसापुरता तर आहे, कड चपटी बसू दे.
मी मान डोलावली आणि दोन बोटं ठेवली.
सवय. वाढणारं अंग दिसलं की कात्री आपोआप अलीकडे थांबते.

माझा मुलगा यातल्या एकाही शाळेत गेला नाही.
ओदावाराला मासे विकतो, नववर्षाला येतो,
हात लिंबानं धुवूनही वास जात नाही त्याचा.
तेव्हा माझ्याकडे पैसे नव्हते.
लोकांना मी ते तत्त्व म्हणून सांगते.

बाई कपडे बदलायला पडद्याआड गेल्या
तेव्हा चिहारु गल्ल्यापाशी आली.
आरसा रिकामा होता, तरी आवाज खाली.
"एखादी डबी आहे?"
मी बटणांचा खण उघडला.
"त्याला अजून पुरला नाही," ती म्हणाली.
"फ्रीजरमध्ये आहे, मटारांच्या मागे.
रविवारी पण क्लास असतो."

"केवढी हवी?"

तिनं दोन बोटं जुळवून दाखवली.
मग जरा विचार केला
आणि बोटं थोडी फाकवली.