एकवीस सेकंद

पहिले सहा महिने टिपणीसबाईंनी
मला पेशंटला एकही प्रश्न विचारू दिला नाही.
"नुसती बस," म्हणाल्या, "स्टॉपवॉच घेऊन.
माणूस कुठे थांबतो, किती थांबतो, तेवढंच लिही.
आणि थांबला की शब्द पुरवायचा नाही.
आपल्या सगळ्यांना ती खोड असते,
दुसऱ्याच्या वाक्यात आग्रहाने वाढायची."

जेल रोडला, तिसऱ्या मजल्यावर,
निवृत्ती गांगुर्डे. वय अडुसष्ट.
बत्तीस वर्षं नोटांच्या प्रेसमध्ये, मोजणीवर.
मेंदूच्या डाव्या बाजूला रक्ताची गुठळी,
उजवा हात मांडीवर ठेवलेला, ठेवला तसा.
उरलेला शब्द एकच : बंडल.

कपाला बंडल. खिडकीला बंडल.
नातीला हाक मारायची तरी बंडल,
फक्त ओठ जरा पुढे काढून.

माझ्याकडे साठ चित्रं होती, साता समुद्रापलीकडची :
बर्फाचं घर, हार्प, पाइनचं फळ.
ते बर्फाच्या घराकडे बघत राहिले, मग माझ्याकडे,
आणि पाहुण्याचा मान राखावा तसं म्हणाले, बंडल.
मी लिहिलं, चूक.
साठपैकी साठ चूक.

बाईंनी त्या घरावर पेन्सिलचं टोक टेकवलं.
"हे तू तरी पाहिलंयस का गं?"

मग चित्रं नव्याने काढून घेतली.
सिडकोतला एक पोरगा, वीस रुपयाला एक.
परात, झारा, शेवग्याची शेंग, सायकलचा पंप.
द्राक्षांचा घड त्याने असा काढला
की तिघांनी त्याला बेडकाची अंडी म्हटलं,
ज्यांना म्हणता येत होतं त्यांनी.
परवानगीचे अर्ज, सह्या, पुन्हा अर्ज,
द्वारकेच्या सिग्नलला बस अडकली की
मांडीवर उघडलेला दुसऱ्या कुणाचा तरी प्रबंध.

हौसाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या,
"चहा मागू राहिले ते."
कसं कळलं?
"शेवट लांबवला ना. पाण्याला नाही लांबवत.
अन् राग आला का मधीच तोडता."
हे मी कुठल्या कॉलममध्ये लिहू?
कॉलमच नव्हता. बाईंनी तो पाडायला लावला,
'चूक' खोडून वर लिहायला लावलं : काय म्हणाले.

रेकॉर्डिंग क्रमांक सतरा.
दुपार. नात शाळेत. कुणी काही विचारलेलं नाही,
मीही नाही.
शांतता. बंडल.
शांतता. बंडल.
हॉस्टेलवर कानाला हेडफोन लावून शांतता मोजली.
एकवीस सेकंद. एकवीस. बावीस. एकवीस.
एवढी सारखी शांतता आजारातून येत नाही,
असं वाटलं, पण वाटणं म्हणजे पुरावा नव्हे.
व्हिडिओ लावला. आवाज बंद केला.
डावा अंगठा तर्जनीवरून सरकत होता,
बारीक, भराभर, न थांबता,
आणि दर शंभराला
ओठ हलत होते.

पळतच गेले बाईंकडे.
बाईंनी तीनदा पाहिलं. चष्मा पुसला.
"एका माणसावरून काही सिद्ध होत नाही," म्हणाल्या.
मग बऱ्याच वेळाने,
"माझ्या प्रबंधात अशा शांतता असतील.
मी त्यांना 'प्रतिसाद नाही' लिहिलंय.
चाळीस पानं."
कुणी काही बोललं नाही. मी वेळ लावली नाही.
"मंगळवारी परत जा."

मंगळवारी गेले. भोंगा होऊन गेला होता.
ते खिडकीशी बसलेले, मी शेजारच्या स्टुलावर,
घड्याळ पर्समध्ये.
अंगठा सुरू झाला तशी मीही मनात सुरुवात केली,
एक, दोन, तीन, जमेल तेवढ्या वेगाने,
जीभ टाळूला लावून.

"बंडल," ते म्हणाले.

मी त्र्याऐंशीवर होते.