अलाउड

हलच्या गोदीमागच्या वाचनालयात
दर मंगळवारी संध्याकाळी मोठ्या माणसांचा वर्ग.
मिस पिकरिंगनी फळ्यावर एकच शब्द लिहिला: अलाउड.
म्हणाल्या, ओरडून नव्हे, ऐकू येईल असं.
कुजबुजलात तरी चालेल,
ओठांबाहेर पडलं की झालं.

मी मागे चहाचे कप विसळत होतो.
माझ्यापाशी एवढ्यासाठी वेगळा शब्दच नव्हता.
आमचे मास्तर म्हणायचे, मोठ्याने वाच,
आणि आम्ही कौलं उडतील असं वाचायचो.
मनातल्या मनात, नाहीतर मोठ्याने.
मधल्या उंबऱ्यावर कुणी थांबल्याचं आठवत नाही.

वॉल्टर ऑक्सटबीनं हात वर केला.
वय चौऱ्याहत्तर, निम्मं आइसलंडच्या पाण्यात कॉडमागे;
बोटी ओळखायचा धुराड्याच्या रंगावरून,
नावं वाचायची वेळच आली नाही.
भिंतीवरच्या पाटीकडे बोट करून म्हणाला,
"ती मला गेल्याच आठवड्यात लागली.
बोलणं नॉट अलाउड."
वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत.
तो अलाउड निराळा, वॉल्टर. स्पेलिंग बघा.
कानाला दोन्ही सारखेच.
माझ्या लिपीत तर डोळ्यांनाही.

मग त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून वही काढली.
विनीची. दूधवाल्यासाठी पायरीवर ठेवायची ती,
बाटलीच्या बुडाचे गोल उमटलेली.
बोट ठेवून वाचू लागला.
"एक बाटली. एक. एक.
एक, आणि अंडी नकोत. एक."
तीन आठवडे असेच गेले, पान उलटलं.
पुढे ओठ आधी हलले, आवाज मागून आला.
"दोन बाटल्या. गुरुवारी.
वॉल्टर येतोय."

कपावरचा नळ मी बंद केला.

"दारात मला म्हणायची,
आलास? बूट बाहेर काढ,"
तो कुणालाच उद्देशून न बोलता बोलला.
"दूधवाल्याला माहीत होतं की सगळं."

पुन्हा वाचता का, बाईंनी विचारलं.
वाचलं त्यानं.
ते अलाउड नव्हतं.
ते मोठ्याने होतं, आमच्या शाळेतल्यासारखं,
कौलं, वासे, सगळं धरून.
पाटीखाली बसलेल्या माणसानं
पेपरातून डोकं वर काढलं,
आणि जरा वेळानं
पान उलटलं.