कुलपाचं झाकण

हर्णैच्या बंदरावर गाडी शहाण्यासारखी उभी राहते.
पुळणीवरून खोके चढतात,
सुरमई, बांगडा, वर बर्फ, त्यावर ओलं गोणपाट,
आणि इंजिन घुरघुरत असतं
जेवून आडव्या झालेल्या माणसासारखं.
सपाटीला तक्रार नाही.
आसूदचा चढ लागतो, मी पाय दाबते,
तशी ती एक आवंढा गिळते,
दुसरा गिळते,
आणि गप्प.
मागे एसटीचा हॉर्न,
फाळक्यातून बर्फाचं पाणी डांबरावर.
दहा मिनिटांनी चावी फिरवली की पुन्हा सुरू,
जणू मीच खोटं बोलत होते.

ज्याला त्याला कारण ठाऊक.
लिलाव पुकारणारा भालचंद्र म्हणाला, डिझेलात पाणी.
जाऊबाई म्हणाली, लिंबू बांध, मिरच्या ताज्या घे.
दापोलीच्या पोरानं लॅपटॉप लावला,
पडद्यावर हिरवं हिरवं दाखवून अठराशे घेतले,
म्हणाला, गाडीत दोषच नाही.
दोष नाही!
चाळीस किलो बांगडा त्या दिवशी
मी माडांच्या खताला दिला.

अय्यूब खलफे आधी काहीच खोलत नाही.
बिडी विझवतो, उरलेली कानावर ठेवतो,
गाडीभोवती एक फेरी मारतो.
मग फिल्टरमधलं डिझेल त्यानं चहाच्या ग्लासात धरलं,
उन्हात धरून डोळा बारीक केला.
पाण्याचा थेंब नाही.
हातपंप मारला, नळीचा नट अर्धा सैल केला.
बुडबुडा नाही.
"हवा घेत नाय ही," तो म्हणाला.
मग थांबून, स्वतःशीच,
"हवाच घेत नाय."

"वयनी, कधीपास्नं?"
देवदिवाळीपासून.
"तवा काय बदललंस?"
काही नाही.

चढाला तो शेजारी बसून आला.
वडाच्या वळणावर ती मेली तसा उतरला,
माझ्याकडून छोटी किल्ली मागितली,
टाकीचं झाकण फिरवलं,
आणि टाकीनं एवढा लांब श्वास आत ओढला
की वडाखालचा कुत्रा उठून बसला.

कुलपाचं झाकण. देवदिवाळीलाच घेतलेलं,
रात्री डिझेल चोरतात म्हणून.
जुनं ढिलं होतं, चिंधी कोंबलेलं,
वळणावर ठिबकायचं, पदराला वास यायचा,
त्यावरून नवऱ्याशी मी किती भांडलेली.

अय्यूब गाडीखाली शिरला.
नुसते पाय दिसत होते, एकाच पायात स्लीपर.
टाकीच्या श्वासाची नळी, करंगळीएवढी,
चेसिसच्या बगलेत.
क्लचची जुनी तार आत घातली.
आधी दगड झालेली माती आली,
मग माती,
मग कुंभारीण माशीची मडकी, तीन.
दोन जुनी, रिकामी.
तिसऱ्यात कोळ्यांचे पाय
आणि एक पांढरी अळी, अजून हलणारी.
टनभर माल ओढणारी गाडी,
आणि हिनं लेकरासाठी
त्या नळीत चूल मांडून दार लिंपून घेतलेलं.

ते मडकं त्यानं कडेच्या गडग्यावर ठेवलं,
जांभ्याच्या खाचेत, सावली बघून.
पैसे विचारले तर म्हणाला,
"माल काय लागला? बांगडे दे चार."

रात्री दोह्याला फोन लावला.
त्याच्या टगवरचा वारा ऐकू येत होता.
सगळं सांगून झालं तसा तो म्हणाला,
"अगो, ते मी मुद्दाम ढिलं ठेवायचो.
आवळलं की चढाला मरते ती."
हे मला कधी सांगितलंस?
तिकडे नुसता वारा.
"तू वासावरून सुरू व्हायचीस,
मग राहून जायचं."

आज पहाटे वडाचं वळण
तिसऱ्या गिअरमध्ये गेलं.
मडकं फुटलं का, बघायचं होतं.
थांबले नाही,
मागे बर्फ होता.