गळती

बॅटऱ्यांच्या खोलीची किल्ली माझ्या गळ्यात असते,
काळ्या पोतीशेजारी.
सिमेंटच्या ओट्यावर आठ बॅटऱ्या, जोडीजोडीने.
दर अमावास्येला त्यांना पाणी पाजते,
शहापूरहून आणलेलं, कॅनमधलं, शुद्ध.
ओढ्याचं त्यांना चालत नाही.
आम्हाला चालतं.

डोंगराच्या खांद्यावरून टॉवर गेलेत
कळव्याकडे, ठाण्याकडे.
दमट हवेत त्यांच्या तारा गुणगुणतात,
भिंतीपलीकडे लग्नघर बोलत असावं
आणि आपल्याला आवतण नसावं, तशा.

आपलं हे इथलं:
समाजमंदिराच्या पत्र्यावर सोळा काचा,
आणि मोरीखालच्या उतारावर बादलीएवढं चक्र.
आषाढात काचा आंधळ्या होतात, तेव्हा चक्र राबतं.
होळीपर्यंत ओढा वाळूत शिरतो, मग काचा.
कधी चक्रात सागाची पानं अडकतात
आणि वर आभाळही भरलेलं,
तेव्हा चिमणी काढतो. काच पुसायची सवय
अजून बोटांत आहे.

बैठकीत ठरलं होतं:
घरटी दोन दिवे, फोन दुपारीच लावायचा,
रात्री अकरानंतर सगळं बंद.
वही माझ्याकडे,
कारण मी सातवी पास, आणि भांडखोर.

भिंतीवरच्या डब्यात लाल आकडे.
त्यांत मला वाडी दिसते.
पंच्याण्णव: जेवणं चाललीत.
साठ: खाकरांच्या घरचं भांडण मिटलं, किंवा थकलं.
पाच उतरले, म्हातारा लाडक्या निजला.
पाच चढले, त्याचा खोकला उठला.
गिऱ्यांची धर्मी दहानंतर अभ्यास करते म्हणते,
पण तो आकडा फोनचा असतो, दिव्याचा नव्हे.
मी बोलत नाही.
एवढं कळणाऱ्या बाईने कमीच बोलावं.

पौषात एक पाच मात्र जाईना.
बारा वाजले, पाच.
कोंबडा आरवला, पाच.
चार रात्री, मग अकरा रात्री,
मग उन्हातसुद्धा.

आकड्याला नाव नसतं,
पण पडवीतला दिवा वाडीला दिसतोच.
कान्हीबाई शिंगवे.
तिचा यसवंता भिवंडीच्या गोदामात गेलाय,
दिवाळीला येतो म्हणून.
वाट मोरीवरून येते, मोरीचा कठडा तुटलेला,
आणि शेवटची जीप फाट्यावर सोडते ती नवाच्या पुढे.

वहीत रकाना होता: नियम कोणी मोडला.
मी लिहिलं: गळती, पाच वॅट.
दुसऱ्या दिवशी, गळती.
अक्षर माझं वळणदार आहे,
खोटं असलं तरी.

माघात ऐरोलीहून मढवी आला, कंपनीचा, कोवळा पोरगा.
वही चाळली, मीटर काढलं,
वायर अन् वायर तपासत वाडी फिरला,
प्रत्येक जोडावरची पट्टी नखाने उचकटून पाहिली.
मी मागे मागे. छातीत माझ्याच काहीतरी चालू.

दुपारी दोन वाजता, कडक उन्हात,
कान्हीबाईच्या पडवीत पिवळट दिवा.
तिने आधी कोरा चहा दिला.
मग तो म्हणाला, मावशी, दिवसापण?
ती म्हणाली,
बटणाला हात लावते, तर वाटतं
एवढ्यात तो वळणावर आला असंल.

मढवीने वळणाकडे पाहिलं.
तिथे एक शेळी होती.
चहा संपेपर्यंत तो तिकडेच बघत राहिला.

खोलीत येऊन वही मागितली, आणि लिहिलं:
तपासणी केली. गळती आढळली नाही.
खाली, बारीक अक्षरात:
पाच वॅट खर्च धरून चालावे.

जाताना मोरीवर जीप थांबली.
तो उतरला, तुटक्या कठड्याला हात लावून हलवून बघितला,
काही न बोलता परत बसला.

मी वहीत नवा रकाना आखलाय.
वर काय लिहावं सुचेना,
डोकं तसंच मोकळं सोडलंय.
फाल्गुन लागला. ओढा अंगठ्याएवढा उरलाय.
काचांवरची धूळ उद्या पुसायला हवी.
पाच.