लागलं का?

तिसरा कोर्स संपला तेव्हा कान बरा झाला
आणि पोट रुसलं.
गुलाबी औषध, पाच मिली, बारा-बारा तासांनी,
मी घड्याळ लावून पाजलं होतं.
डॉक्टर बोरस्ते म्हणाले, औषधाला ओळखपाळख नसते,
वाईट जंतू जातात, त्यांच्यासोबत घरचेही जातात.
दही द्या. घरी लावलेलं.

मग पेन फिरवत, जरा थांबून:
पोटातून डोक्याकडे एक नस जाते,
बातम्या दोन्हीकडून ये-जा करतात.
अभ्यास चालू आहेत. उंदरांवर जास्त, मुलांवर थोडे.
छातीठोक काही सांगत नाही मी.

मला हसू आलं.
आपल्या बोलण्यात हे कधीचं पडून आहे.
भ्यायलं की गोळा पोटात,
दुसऱ्याची चूक घालायची तीही पोटात,
आणि कळवळून बोलणाऱ्याची तिडीकसुद्धा तिथलीच.
कैवल्य मात्र रोज सव्वासहाला
बूट घालता घालता एवढंच म्हणतो,
आई, मुंग्या.
कुठे?
इथे. आणि वर्गात गेलं की इथे.
बोट आधी बेंबीवर, मग कपाळावर.

विरजण मागायला वरच्या मजल्यावर गेले.
निरगुडेकाकांनी प्रेसमध्ये एकतीस वर्षं नोटा मोजल्या,
रोज गेटवर झडती देऊन
रिकाम्या खिशांनी जेलरोडला परत आले.
वाटीत चमचाभर दही घालत म्हणाले,
नोट दिली की गेली. हे कितीही वाट, उरतंच.
आणि लोक म्हणतात, उत्साहावर विरजण पडलं.
दुधाला कुणी विचारलं का?

जानेवारी होता. टाकीचं पाणी हाताला चावत होतं,
निफाडचा पारा पेपरात पहिल्या पानावर.
पहिल्या रात्री दूध दूधच राहिलं.
दुसऱ्या रात्री नुसती तार.
मी सिन्नरजवळ माळेगावला कारखान्यात
गेज लावून दिवसाला बाराशे बुशिंग पास-नापास करते,
केसाइतका फरक सुटत नाही माझ्या हातून.
पण कोमट म्हणजे किती कोमट,
ते काकांनी करंगळी बुडवून दाखवलं.

तिसऱ्या रात्री दोन वाजता ओट्यापाशी सावली.
लागलं का?
तुला झोप लागली नाही का रे?
ते जिवंत असतात ना, आई? अंधारात घाबरतात?
एवढे सगळे एकत्र असतात, म्हटलं, कशाला घाबरतील.
तो बराच वेळ पातेल्याकडे बघत राहिला.

सकाळी मला घाई. बस, डबा, पाण्याची बाटली.
तो गेल्यावर दिसलं:
पातेल्याला शाळेचा निळा स्वेटर,
बाह्यांची पुढे घट्ट गाठ.
झाकण काढलं. चमचा उभा राहिला.

संध्याकाळी डायरीत लाल शाई: स्वेटर नाही.
मग काय सांगितलंस बाईंना?
उभा राहिलो आणि सांगितलं, स्वेटर दह्याला घातलाय.
सगळे हसले.
आणि तू?
मी पण.
जूनपासून वर्गात उभं राहून
तो बोललेलं हे पहिलं वाक्य.

तोवर त्यानं एक चमचाही खाल्लेला नव्हता.
मग हे कशानं? कुठली नस, कुठून कुठे गेली?
कुठल्या गेजमध्ये घालू हे?
पोट पुढच्या आठवड्यात ताळ्यावर आलं, एवढं खरं.
मुंग्या अजून येतात, सोमवारी जास्त.
साखर मागतो. वाटी बोटानं पुसून खातो.
कडेच्या चमचाभराला मात्र कुणाला शिवू देत नाही,
ते उद्याचं.

परवा काकांचं दही नासलं.
आमच्यातलं चमचाभर वाटीत घेऊन तोच वर गेला.
मी जिन्याखाली उभी.
वरून त्याचा आवाज आला, मोठा, न अडखळता,
काका, आधी करंगळी बुडवा.