वाऱ्याचा दिवस

आज कारखान्याकडचा वारा. शाळेला सुट्टी.
तारांतोतली पोरं सुट्टीत
खिडक्या लावून बसतात.

अद्दोलोराता बाल्कनी पुसते.
फडकं तांबडं, बादली तांबडी.
लिंबाच्या पानावर बोट फिरवलं
की खाली थोडं हिरवं सापडतं.

"हा आपला पगार गं," नवरा म्हणायचा
बाही झटकत, खोकत.
ही बाल्कनी त्याच पोलादाच्या पैशांची,
तेही खरंच.

रविवारी ती दफनभूमीत जाते.
तिथल्या भिंती आधीच गुलाबी रंगवल्यात,
मळखाऊ.
पदराला नव्हे, रुमालाला थुंकी लावून
ती त्याच्या फोटोची काच पुसते,
पोराची हनुवटी पुसावी तशी.

पाठ वळते न वळते
तोच मिशीवर भुकटी.
भर दुपारी
त्याची रात्रपाळी सुरू.